बत्तीस सेकंदांचा तक्ता

"बघितलं तेवढं लिही, सिद्धा. ऐकलं तेवढं लिही. वाटलं ते तुझ्यापाशी ठेव."

आप्पा वकिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. तरी नवं काम समोर आलं, की सिद्धेश्वरीला आधी हा आवाज ऐकू यायचा आणि मग डोक्यावरच्या पंख्याचा. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांनी तिला टायपिस्ट म्हणून ठेवलं, तेव्हा अपघाताच्या दाव्यात पंचनामा, नकाशा आणि साक्षीदार एवढंच असायचं. आता गाड्यांच्या काचेला कॅमेरे आले होते. त्यातलं चित्रण दाखल करताना या ऑफिसातून सोबत एक तक्ता जायचा. कितव्या सेकंदाला काय दिसतं, काय ऐकू येतं, सगळं ओळीने. ते तक्ते सिद्धेश्वरी करायची.

आज मात्र पडद्यावर रस्ता नव्हताच. तीन जाड पांढरे आडवे पट्टे होते आणि त्यांच्या फटींतून काहीतरी हलत होतं.

"हे काय आहे ओ ताई?" इंद्रजीतने विचारलं. तो आप्पांचा मुलगा. शाळेतून येऊन याच ऑफिसात डबा खायचा, आता इथला वकील. "कॅमेरा बिघडलाय का?"

सिद्धेश्वरी पुढे वाकली. पट्ट्यांच्या कडा विरलेल्या होत्या आणि मधला किंचित वाकडा होता.

"विभूती आहे," ती म्हणाली.

"काय?"

"कॅमेऱ्यासमोर काचेवर लावलीय. तीन बोटांनी. त्या दिवशी अमावस्या होती का बघा."

इंद्रजीतने फाईलमधली तारीख कॅलेंडरशी ताडून बघितली. होती. तो खुर्चीत मागे रेलला. "झालं. एक पुरावा होता, तोपण देवाला वाहिला."

दावा गुरुशांतचा होता. वळसंगचा, चौतीस वर्षांचा पिकअप चालवणारा माणूस. सात महिन्यांपूर्वी मंडपाच्या खुर्च्या घेऊन तो सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने निघाला होता. मागून ट्रक आला, पिकअप मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली, आणि गुरुशांतचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. विमा कंपनीचं म्हणणं, पिकअपवाल्याने भर रस्त्यात अचानक ब्रेक मारला, ट्रकवाला काय करणार? बघणारं कुणी नव्हतं. ट्रकवाला म्हणेल ते खरं ठरलं असतं, तर नवा पाय बसवायला पैसे मिळणं सोडाच, पुढे कुठलाही मालक गुरुशांतच्या हातात किल्ली देणार नव्हता. आपल्या चुकीनं पाय घालवून बसलेला, अशीच त्याची ओळख झाली असती.

दुपारी तो आईला घेऊन आला. काखेत कुबड्या, आणि त्याच्या मागे एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने त्याचा शर्ट धरलेली गंगम्मा. बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली.

"आजी, तुम्ही काचेला विभूती लावली होती का?" इंद्रजीतने सरळ विचारलं.

"व्हय की. दर अमुशेला लावतो. ष्टेरिंगला लावली, चाकाला लावली, आरशाला लावली. मग ह्यो म्हनला, आव्वा, ह्यो डोळा हाय, ह्यो समदं बघतोय. म्हनलं, बघतोय तर त्याला बी कपाळ असंल की. भायेरनं काचंवर चढून त्याच्या म्होरं लावली."

इंद्रजीत हसू दाबत म्हणाला, "त्याचं कपाळ आणि डोळा एकच आहे ना आजी. आता त्याला काही दिसत नाही बघा."

तो वाईट मनाने बोलला नव्हता. पण गंगम्माच्या हातातून मुलाचा शर्ट सुटला. तिने कन्नडमधे मुलाला काहीतरी हळूच विचारलं. तो "इल्ल, इल्ल" म्हणत राहिला, नाही, तसं नाही. इंद्रजीतला कन्नड येत नव्हतं. सिद्धेश्वरीला येत होतं, तिच्या घरची ती भाषा. गंगम्माने विचारलं होतं, "म्हणजे मीच घालवलं का रे?"

त्यानंतरच्या तारखेला गंगम्मा आली, तेव्हा तिचं स्वतःचं कपाळ कोरं होतं. हे इंद्रजीतच्या लक्षात आलं नाही. सिद्धेश्वरीच्या आलं आणि दिवसभर ते तिच्या डोळ्यांसमोरून जाईना.

सोमवारी दुपारपर्यंत सिद्धेश्वरी बोलत नसे. आई गेल्यापासूनचा हा नेम. बाकी रोजचंही ठरलेलं होतं. पहाटे आंघोळ, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर नजर ठेवून बसायचं, आणि पूजा होईपर्यंत पाण्याचा घोटही नाही. नजर ठेवणं ही सोपी गोष्ट नाही हे तिला चाळीस वर्षांत पुरतं कळलं होतं. पहिली काही मिनिटं माणूस बघतच नाही, बघतोय असं त्याला वाटतं एवढंच. मग डोळा थकतो, मन इकडेतिकडे फिरून येतं, आणि त्यानंतर कुठे समोरचं दिसायला लागतं.

गाड्यांची चित्रणंही ती तशीच बघायची. आणि खरं सांगायचं, तर तिला ती बघायला आवडायची. अपघाताच्या आधीचे काही सेकंद नेहमी साधे असायचे. कुणी गच्चीवर गोधडी झटकत असे. कुणी हातगाडीवरचे पेरू पुसून पुन्हा लावत असे. एकदा एक म्हातारा रस्ता ओलांडता ओलांडता मधेच थांबला, खिशातून चष्मा काढून घातला आणि मग पुढे गेला. आपल्याला कुणी इतकं लक्ष देऊन बघितलं हे त्या माणसांना कधीच कळणार नव्हतं. याचं सिद्धेश्वरीला नवल वाटायचं.

त्या सोमवारी तिने कानांवर हेडफोन चढवले आणि गुरुशांतचे बत्तीस सेकंद लावले. अकरा पन्नासला सुरू आणि बत्तीसाव्या सेकंदाला बंद.

पहिल्या दहा वेळा डोळ्यांना काहीच मिळालं नाही. पट्टे, फटीतून राखाडी काहीतरी, इंजिनाची घरघर, मागे खुर्च्यांचा खडखडाट. मग शेवटी आवाज, आणि फटींतून लाल रंग धो धो सांडल्यासारखा. त्या मंडपाच्या लाल खुर्च्या होत्या, टपावरून पुढे येऊन पडलेल्या.

इंद्रजीत मधेच येऊन म्हणाला, "ताई, डोळे फोडून घेऊ नका. ते गेलं." तिने मान हलवली. ती कशाबद्दल हलवली हे त्याला कळलं नाही. सोमवारी कळायचं नाहीच.

तिसाव्या वेळी तिने चित्राकडे बघणं सोडून दिलं आणि डोळे मिटून फक्त ऐकलं. तेव्हा सातव्या सेकंदाला ते आलं. टक-टक, टक-टक. इतकं बारीक, की इतका वेळ ती त्याला खुर्च्यांचाच आवाज समजत होती. पण खुर्च्या एका लयीत वाजत नाहीत.

इंडिकेटर.

ती सावरून बसली. पंधराव्या सेकंदाला करर्र असा एक ओढल्याचा आवाज. तिच्या मेव्हण्याची जुनी गाडी होती, त्यामुळे तो तिला माहीत होता. हँडब्रेक. आणि त्यानंतर खुर्च्यांचा खडखडाट थांबलेला. पूर्ण थांबलेला.

मग तिने पुन्हा डोळे उघडले आणि दुसऱ्या नि तिसऱ्या पट्ट्याच्या मधल्या फटीवर नजर ठेवली. बोटभर जागा. त्यातून रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसत होती, डाव्या बाजूला. आठव्या सेकंदापासून ती रेघ सरकायला लागली. मधे आली, मग उजवीकडे गेली. म्हणजे पिकअप रेघेच्या बाहेर, मातीवर उतरली होती. पंधराव्या सेकंदानंतर रेघ हललीच नाही. फटीत एक बाभळीची काटकी होती, ती वाऱ्याने डोलत होती, पण जागेवरच. चोविसाव्या सेकंदापर्यंत. नऊ सेकंद गाडी रस्त्याच्या बाहेर उभी होती.

विभूतीने सगळं झाकलं नव्हतं. नेमकं हवं होतं तेवढं तिच्यातून दिसत होतं.

तिने चिठ्ठी लिहिली आणि इंद्रजीतच्या टेबलावर ठेवली. त्याने वाचली, उठून आला, हेडफोन घातले, आणि चार वेळा ऐकलं. "अचानक ब्रेक म्हणे," तो म्हणाला. "ह्यांच्या अचानकला नऊ सेकंद लागतात होय." मग पुन्हा ऐकत त्याने विचारलं, "हे मधे काय आहे? घंटा वाजतेय. आणि तो काहीतरी बोलतोय, कन्नड आहे का?"

घड्याळात साडेअकरा झाले होते. तिने ओठांवर बोट ठेवलं. या वेळी तिला तो नेम सोयीचा वाटला आणि त्याची थोडी लाजही वाटली.

कारण ते तिने दोन तासांपूर्वीच ऐकलं होतं. चौथ्या सेकंदाला देवळातल्या घंटेसारखी फोनची रिंग. आणि आठव्या सेकंदाला गुरुशांतचा आवाज, लाडाने वैतागलेला. "तडी अव्वा, तडी. गाडी बाजूक निल्लस्तीनि." थांब आई, थांब, गाडी बाजूला लावतो. फोन उचलायच्या आधी, आपल्याशीच. घंटा वाजतच होती. धडकेच्या आवाजातही वाजत होती, आणि खुर्च्या पडून सगळं शांत झाल्यावरही सहा सेकंद एकटीच वाजत राहिली.

सिद्धेश्वरीची आई रोज बाराला ऑफिसच्या फोनवर फोन करायची. जेवलीस का, एवढंच विचारायला. सिद्धेश्वरी कितीदा तरी छोट्या इंद्रजीतला खूण करायची, मी नाही म्हणून सांग. अकरा वर्षं झाली तो फोन बंद होऊन. हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले, तरी घंटा कानातून गेली नाही.

तिने गुरुशांतला निरोप पाठवला, आईला न आणता ये.

बुधवारी तो आला. इंद्रजीत कोर्टात होता. सिद्धेश्वरीने त्याला पाणी दिलं, त्याच्या कुबड्या भिंतीला लावून ठेवल्या आणि मग विचारलं, "घंटेची रिंग कुणाची आहे रे?"

त्याने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.

"आव्वाची. तिच्यासाटी येगळी ठेवलीया. दुसऱ्या कुनाचा फोन गाडीत मी बघत बी न्हाय. तिचा घ्यावाच लागतोय. एकदा न्हाय घेतला की पंचवीस डाव करती, मग शेजारच्याला करती, मग मालकाला करती."

"तिला माहीत आहे?"

"न्हाय. पोलिसांच्या कागदात सव्वाबारा लिवलंय, ते आले तवाचं. तिनं फोन केल्ता बाराला धा कमी असताना. तिचा हिशेब येगळा हाय. फोन केला तवा पोरगं बरं हुतं, गाणी ऐकत हुतं म्हनून उचलला न्हाय, आन मग पुढं कुटंतरी झालं. मी बी तसंच ऱ्हाऊ दिलं."

"सात महिने?"

"सात म्हैनं." त्याने पाण्याचा एक घोट घेतला. "ताई, विभूतीचं कळल्यापासनं ती कपाळाला बोट लावत न्हाय. फोनचं कळलं तर जेवान सोडंल. तिच्या फोनपायी मी थांबलो आन थांबलो म्हनून गावलो, असंच धरनार ती. तेवढं सोडून द्या की. वकीलसायबाला कन्नड कुटं कळतंय? इंडिकेटर हाय, ब्रेक हाय, बास झालं की. 'आवाज अस्पष्ट' लिवा."

तो म्हणत होता ते अगदीच चूक नव्हतं. 'अस्पष्ट' हा शब्द सिद्धेश्वरीने आजवरच्या तक्त्यांत शेकडो वेळा लिहिला होता, आणि दरवेळी तो खरा होता. या वेळी तो खोटा लिहिला तरी दावा अडला नसता. कुणाचं नुकसान झालं नसतं. ती जितका विचार करत गेली तितकं ते जास्तच सोपं दिसायला लागलं, आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटली.

"कागदावर लिहिता येईल अस्पष्ट," ती हळू म्हणाली. "पण कोर्टात नुसता कागद वाचत नाहीत रे. चित्रण लावतात, स्पीकरवर. आई तुझ्या शेजारी बसलेली असणार. घंटा तिला ओळखू येणार नाही? तुझा आवाज ओळखू येणार नाही?"

गुरुशांतने याचा विचार केला नव्हता. त्याचा पेला कलला आणि थोडं पाणी पँटच्या मोकळ्या पायावर सांडलं.

"तेवढाच आवाज कापता येत न्हाय?"

"कापला की पुरावा गेला. कापाकापी केली नाही असं सही करून द्यावं लागतं."

"मग तारखंला तिला आनतच न्हाय."

"ती राहील?"

न राहवून तो हसला. "ती? दार लावून आलो तर यष्टीच्या टपावर बसून यील."

दोघंही हसले. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी तावातावाने बोलत होतं.

"मग तूच सांग तिला," सिद्धेश्वरी म्हणाली. "आधी. घरात."

"रोज सांगायचं म्हनून बसतोय ताई. ती ताट वाढती, मी जेवतोय, उठतोय. माझ्या तोंडून निघत न्हाय." त्याने पेला खाली ठेवला. "तुमी सांगा. तुमी आमच्यातल्या. तिच्या भाषेत सांगाल. माझं ऐकंल का न्हाय ठाव न्हाय, तुमचं ऐकंल."

सिद्धेश्वरी सहसा शब्द देत नसे. दिलेला शब्द तिला रोजच्या नेमासारखाच वाटायचा, एकदा धरला की सुटका नाही. घरची माणसं म्हणत, हिच्याकडून एक हो काढायला तीन दिवस लागतात. ती गुरुशांतच्या मोकळ्या पायाकडे बघत बसली. मग तिने पदराखाली गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"सांगेन. तारखेच्या आधी. कोर्टात पहिल्यांदा ऐकायची वेळ तिच्यावर येऊ देणार नाही."

त्याने मान खाली घातली. कुबड्या द्यायला ती उठली, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, घेतो मी," आणि भिंतीला धरून धरून त्याने त्या स्वतःच घेतल्या.

तक्ता तिने त्याच संध्याकाळी पूर्ण केला. आठव्या सेकंदासमोर गुरुशांतचे शब्द होते तसे लिहिले आणि खाली मराठी अर्थ दिला. इंद्रजीतने वाचलं आणि टेबलावर हात आपटला.

"ताई, ह्याहून चांगलं काय पाहिजे? फोन वाजला आणि गड्यानं आधी इंडिकेटर लावला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. असा ड्रायव्हर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. आधी का नाही सांगितलं येड्यानं?"

"ते काही कॅमेऱ्यात नाही," सिद्धेश्वरी म्हणाली. "मला मंगळवारी अर्धा दिवस सुट्टी पाहिजे."

"सुट्टी? तुम्हाला?" त्याने मान वर केली. "बरं आहे ना सगळं?"

"वळसंगला जाऊन येते."

इंद्रजीतने तक्त्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. आठव्या सेकंदाच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. "अठराला तारीख आहे," तो एवढंच म्हणाला. "आजींना सांगा, विभूतीवरनं मी बोललो ते मनात ठेवू नका."

"सांगते."

मंगळवारी पूजा आटोपून, डबा न घेता ती निघाली. स्टँडवर अक्कलकोटची गाडी लागली होती. सांगायच्या गोष्टी दोन होत्या. एक हलकी, विभूतीने काही बिघडवलं नाही, उलट तिच्या फटीतून रेघ दिसली. दुसरी जड. आधी कुठली सांगायची यावर तिने पहाटेपासून विचार केला होता. हलकी आधी सांगितली, तर जड ऐकताना गंगम्माच्या हाताशी काहीतरी असेल. पण तसं केलं, तर लाडू दाखवून औषध पाजल्यासारखं होईल, आणि गंगम्मा काही लहान मूल नव्हती. सात महिने तिच्यापासून झाकून ठेवलेलं तिला सरळ मिळायला हवं होतं. आणि कुणी सांगावं, तिने फोनच्या आणि अपघाताच्या त्या दोन वेळांचा मेळ मनात कधीच घालून बघितला असेल, आणि तीही मुलासाठी गप्प बसली असेल. तसं असेल तर काय बोलायचं हे सिद्धेश्वरीला माहीत नव्हतं. पण जाणून घ्यायचं होतं.

"कुटं, मावशी?" कंडक्टरने विचारलं.

"वळसंग."

"जाऊन लगीच परत येनार का? दोनची गाडी हाय."

"नाही. वेळ लागेल."

गाडी हलली. शहराचा गोंगाट मागे पडला, तशी तिने डोळे मिटले आणि पहिलं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. "गंगम्मा, निम्म मगंदु तप्प इल्ल. निम्मदू इल्ल." तुमच्या मुलाची चूक नाही. तुमचीही नाही. ते फार घाईचं वाटलं, म्हणून ती पुन्हा सुरुवातीला गेली. मग आणखी एकदा, जरा हळू.

शेजारी बसलेल्या बाईने तिचे हलणारे ओठ बघितले. जप चालला असावा असं वाटून तिने आपली भाजीची पिशवी मांडीवर घेतली आणि आवाज न करता सरकून तिला जागा दिली.